टीएल ४९४ वापरून गिटारचा ट्रेमोलो

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडला की त्यात सोळा पायांची एक चिप बऱ्याचदा सापडते. तिच्यावर टीएल ४९४ किंवा केए ७५०० छापलेले असते. दोन्हींचे पाय सारखेच, एकीच्या जागी दुसरी चालते. एका ठरलेल्या वेगाने पल्स काढत राहायचे आणि बाहेरून मिळणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे त्या पल्सची रुंदी बदलायची, एवढेच तिचे काम. पॉवर सप्लायमध्ये ही रुंदी व्होल्टेज सांभाळते. गिटारच्या पेडलमध्ये, म्हणजे पायाने दाबायच्या इफेक्टच्या डब्यात, तीच रुंदी आवाजाची पातळी सांभाळू शकते.

ट्रेमोलो म्हणजे आवाज ठेक्यात वर-खाली होणे. घरी बनवणारे बहुतेक जण त्यासाठी एलईडी आणि एलडीआरची (उजेडाप्रमाणे बदलणाऱ्या रेझिस्टरची) जोडी वापरतात. ती चालते, पण एलडीआर सुस्त असतो, प्रत्येक नग वेगळा वागतो आणि जलद ठेक्यावर खोली, म्हणजे आवाज किती खाली जातो ते, कमी होते. जेएफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) घ्यायचा तर प्रत्येक नगासाठी जुळवणीचा छोटा प्रीसेट फिरवत बसा. पल्सच्या रुंदीने काम केले की हा त्रास उरत नाही. स्विच एक तर लागलेला असतो किंवा उघडा, मधला नखरा नाही.

आधी तत्त्व, कारण चूक इथेच होते

गिटारचा सिग्नल सेकंदाला सत्तर-पंच्याहत्तर हजार वेळा तोडला आणि नंतर फिल्टरने गुळगुळीत केला, तर हाती सरासरी उरते. १०० मिलिव्होल्टचा सिग्नल अर्धा वेळ सोडला तर ५० मिलिव्होल्ट मिळाला पाहिजे. कागदावर सोपे आहे. म्हणून बरेच जण ४०६६चा (ही इलेक्ट्रॉनिक स्विचची चिप) एक स्विच सिग्नलच्या वाटेत टाकतात, पुढे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावतात. मग आवाज कमीच होत नाही, फक्त थोडा बोदा होतो.

कारण असे: स्विच उघडला की कपॅसिटरला रिकामे व्हायला वाटच नसते. तो शेवटचे व्होल्टेज धरून बसतो. स्विच पुन्हा लागला की तिथूनच पुढे. सरासरी काढायची तर उरलेल्या वेळात सिग्नलच्या जागी शून्य मिळायला हवे, नुसते ‘काही नाही’ नको. म्हणून इथे सीडी ४०५३ घ्यायची. तिच्यात दोन तोंडांचा स्विच आहे, एका तोंडाला सिग्नल आणि दुसऱ्या तोंडाला शांत बायस, म्हणजे सिग्नल ज्याच्याभोवती हलतो ते स्थिर व्होल्टेज. फिल्टर कायम कुठेतरी जोडलेला राहतो आणि आवाज पल्सच्या रुंदीच्या प्रमाणात अगदी सरळ कमी-जास्त होतो.

चिप कोणती, आणि बाकीच्या का नाहीत

पेडल ९ व्होल्टवर चालते. टीएल ४९४ला किमान ७ व्होल्ट पुरतात, म्हणून ती. एसजी ३५२५ला ८ व्होल्टच्या खाली भरवसा नाही. यूसी ३८४३ सुरू व्हायलाच साधारण ८.४ व्होल्ट लागतात आणि यूसी ३८४२ला १६, म्हणजे तिचा विचारच नको. ५५५ ही टायमर चिप स्वस्त आहे खरी, पण तिच्या पाचव्या पायावर व्होल्टेज दिले की रुंदीबरोबर वेगही सरकतो आणि फिल्टरचे गणित बिघडते.

नवी चिप ऑनलाइन मागवता येते. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्याकडे मेलेले सप्लाय पडलेले असतात, त्यातूनही काढता येते. मात्र उघडण्याआधी एक पाळा: आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर मिळून ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. दोन वायरी लावलेला २३० व्होल्टचा साधा पिवळा बल्ब त्यांच्यावर धरा, मग मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करा, आणि त्यानंतरच बोर्डाला हात लावा. सोळा पाय सोल्डर पंपाने एकेक मोकळे करा. घाईत ओढलात तर पाय चिपमध्येच तुटतो.

सामान

आयसी चार: टीएल ४९४, सीडी ४०५३, ऑडिओसाठी टीएल ०७२ आणि ठेक्यासाठी एलएम ३५८. सगळ्यांना बेस लावा. दुकानदार ४०५३ म्हणून ७४एचसी ४०५३ देत असेल तर घेऊ नका. पाय तेच, पण ९ व्होल्टवर ती जळू शकते.

रेझिस्टर पाव वॅटचे. १५ के, १८ के, ४७ के, ८२ के, १ के आणि १ मेग प्रत्येकी एक, २.२ के दोन, १०० के दोन, २२ के दोन, १० के सहा, आणि सप्लायसाठी २२ ओहम एक. पॉट (नॉबने फिरवायचे बदलते रेझिस्टर) तीन: वेगासाठी ५०० के, खोलीसाठी १० के, आवाजासाठी १०० के. कपॅसिटरमध्ये १ नॅनोफॅरड दोन, २.२ नॅनो एक, ३.३ नॅनो एक, ४७० पिको एक, ०.४७ मायक्रो फिल्मचे दोन, १ मायक्रो तीन, १० मायक्रो एक, १०० मायक्रो एक, २२० मायक्रो एक, आणि १०० नॅनोचे (१०४ छापलेले) सात. त्यातला एक इनपुटवर जातो, बाकीचे सप्लाय आणि बायस शांत ठेवायला. इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचे घ्या, कारण ९ व्होल्टचे स्वस्त ॲडॅप्टर लोड नसताना १२-१३ व्होल्ट देतात. शिवाय एक १एन ५८१७ डायोड, दोन जॅक, फूटस्विच आणि झिरो पीसीबी.

सप्लाय आणि पल्स

ॲडॅप्टरच्या प्लसपासून १एन ५८१७, पुढे २२ ओहम, पुढे २२० मायक्रो जमिनीला (जमीन म्हणजे ग्राउंड, सप्लायचा मायनस). इथून सगळ्या आयसी पोसायच्या, फक्त एलएम ३५८ सोडून. बॅटरीवर चालवण्याचा मोह टाळा. सर्किट पंधरा-वीस मिलिअँपिअर खाते आणि बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की टीएल ४९४चा आतला संदर्भ ढासळतो.

बायस: सप्लाय ते जमीन १० के आणि १० के, मधल्या बिंदूला १०० मायक्रो आणि एक १०० नॅनो. हा बिंदू साधारण ४.२ व्होल्टवर बसतो. खाली ‘बायस’ म्हटले की हाच.

आता टीएल ४९४. पिन १२ सप्लायला, पिन ७ जमिनीला. पिन ५ वरून १ नॅनो जमिनीला, पिन ६ वरून १५ के जमिनीला. वेग मिळतो १.१ भागिले (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर), म्हणजे ७३ किलोहर्ट्झ. पिन १३ जमिनीला. ती चुकून पिन १४ला गेली तर दोन्ही आउटपुट आळीपाळीने चालतात, वेग अर्धा होतो आणि आवाज अर्ध्याच्या वर जातच नाही.

आतले दोन एरर ॲम्प्लिफायर आपल्याला नको आहेत, पण त्यांना मोकळे सोडले तर ते मनात येईल तेव्हा पल्स बंद करतात. म्हणून पिन १ आणि १६ जमिनीला, पिन २ आणि १५ पिन १४ला. पिन १४ म्हणजे आतून मिळणारे ५ व्होल्ट, तिथे १०० नॅनो जमिनीला लावा. पिन ३ला काही जोडू नका.

रुंदी बदलायला पिन ३ आणि पिन ४ दोन्ही चालतात. बऱ्याच सर्किटांत पिन ३ दिसते. तिथे आतून मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो, त्यामुळे पॉटने दिलेले व्होल्टेज खाली बसते. पिन ४ जेमतेम काही मायक्रोअँपिअर मागते. ० व्होल्टला पल्स सर्वांत रुंद आणि ३ व्होल्टच्या आसपास पूर्ण बंद, इतके सरळ. म्हणून पिन ४.

पिन ९ आणि १० जमिनीला, पिन ११ मोकळी. पिन ८ वरून २.२ के सप्लायला, आणि तीच पिन ४०५३च्या पिन ११ला. ही वायर जेवढी आखूड तेवढी चांगली.

इथे थांबून मोजा

ऑडिओ जोडण्याआधी चिप बोलते की नाही ते बघा. ऑसिलोस्कोप नसला तरी चालतो, साधा मल्टिमीटर डीसीवर ठेवला की तो सरासरीच दाखवतो, आणि आपल्याला तीच हवी आहे. पिन १२ वर ८.३ व्होल्टच्या जवळपास. पिन १४ वर ५. पिन ५ वर दीड व्होल्टच्या आसपास, कारण तिथला आरा, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लाट, शून्यापासून तीनपर्यंत चढतो. पिन ५ वर शून्य किंवा ५ दिसले तर ऑसिलेटर बंद आहे, १ नॅनो आणि १५ केचे सोल्डर तपासा.

आता पिन ४ जमिनीला टेकवा. पिन ८ वर १ ते दीड व्होल्ट यायला हवेत. म्हणजे चिपमधला ट्रान्झिस्टर जवळजवळ सगळा वेळ चालू आहे. पूर्ण शून्य येत नाही, कारण प्रत्येक फेरीत चिप थोडा वेळ सक्तीने विश्रांती घेते, आणि वेग वाढला की तो वाटा वाढतो. पिन ४ पिन १४ला टेकवा, पिन ८ वर पूर्ण सप्लाय दिसेल. दोन्ही टोके मिळाली की चिप चांगली.

घरात जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर तो बोर्डाजवळ धरून डायल फिरवा. दर ७०-७५ किलोहर्ट्झवर घुमटल्यासारखी जागा लागते. आरा चालू असल्याची ती पावती. पेडल शेवटी धातूच्या डब्यातच बसवायचे, तेही याच कारणाने.

ठेका

एलएम ३५८ला सप्लायवरून नाही, टीएल ४९४च्या पिन १४ वरून पोसा: पिन ८ तिकडे, पिन ४ जमिनीला. ५ व्होल्टवर तिचे आउटपुट शून्यापासून साडेतीनपर्यंतच जाते, आणि टीएल ४९४च्या पिन ४ला नेमके तेवढेच हवे असते. वेगळे जुळवाजुळवीचे सर्किट लागत नाही.

मध्यबिंदूसाठी पिन १४ वरून १८ के, पुढे १० के जमिनीला, मधे १० मायक्रो. तिथे १.८ व्होल्ट मिळतात. ते एलएम ३५८च्या पिन २ आणि पिन ५ला द्या. पिन १ ते पिन ३ मध्ये १०० के, पिन ७ ते पिन ३ मध्ये ८२ के. पिन १ वरून वेगाचा पॉट, त्याच्यापुढे ४७ के, ते पिन ६ला. पिन ६ आणि ७ मध्ये ०.४७ मायक्रो. पिन ७ वर त्रिकोणी लाट येते, साधारण ०.३ ते ३.२ व्होल्ट. वेग सेकंदाला १.२ पासून १४ पर्यंत. सरळ पॉटवर जलद बाजू शेवटच्या पाव फेरीत कोंबली जाते. रिव्हर्स लॉग पॉट मिळाला तर लावा, नाही मिळाला तर अडत नाही.

पिन ७ वरून खोलीचा पॉट, दुसरे टोक जमिनीला. मधल्या पायावरून २.२ के टीएल ४९४च्या पिन ४ला, आणि पिन ४ वरून ०.४७ मायक्रो जमिनीला. पॉट खाली असला की पिन ४ शून्यावर, म्हणजे आवाज पूर्ण. वर नेला की लाट आवाज खेचत खेचत बंद करते. चौकोनी, तुटक ठेका हवा असेल तर पॉटचे वरचे टोक एका छोट्या स्विचने पिन ७ऐवजी पिन १ला जोडा. तो ०.४७ मायक्रो नसेल तर तुटक ठेक्यात प्रत्येक कडेला टकटक ऐकू येते.

एखाद्या चिपवर पूर्ण खोलीलाही आवाज तळाशी मिटत नाही. ८२ केऐवजी ९१ के घाला, लाट थोडी उंच होते.

ऑडिओ

इनपुट जॅकपासून १०० नॅनो, पुढे १ मेग बायसला. तिथून १० के टीएल ०७२च्या पिन ३ला, आणि पिन ३ वरून ४७० पिको जमिनीला. पिन १ ते २ मध्ये २२ के, पिन २ वरून २२ के आणि त्याच्यापुढे १ मायक्रो जमिनीला. आवाज दुप्पट होतो. ही चैन नाही. ट्रेमोलोत अर्धा वेळ आवाज खाली असतो, त्यामुळे पेडल दाबल्यावर गिटार बँडमध्ये हरवते. शेवटचा पॉट ते भरून काढायला आहे.

पिन १ वरून १ मायक्रो, पुढे ४०५३ची पिन १२. पिन १२ वरून १०० के बायसला. पिन १३ थेट बायसला. त्या १ मायक्रोवर काटकसर करू नका. टीएल ०७२च्या आउटपुटवर बायसपेक्षा काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. तो फरक थेट स्विचवर आला तर ठेक्याच्या प्रत्येक फेरीत स्पीकरमधून ‘धप’ ऐकू येते, गिटारची तार न छेडताही. कपॅसिटर आणि १०० के मिळून दोन्ही तोंडे एकाच पातळीवर आणतात.

४०५३ची पिन १६ सप्लायला. ६, ७, ८, ९ आणि १० जमिनीला. पिन ६ मोकळी राहिली तर पेडल हात जवळ नेल्यावर चालते आणि दूर नेल्यावर मुके होते, आणि दोष शोधताना माणूस वेडा होतो.

पिन १४ वरून फिल्टर: १० के, पुन्हा १० के, मग टीएल ०७२ची पिन ५. पिन ५ वरून १ नॅनो बायसला. दोन १० केच्या मधल्या बिंदूपासून २.२ नॅनो पिन ७ला. पिन ६ आणि ७ एकत्र. हा फिल्टर १०.७ किलोहर्ट्झवर कापतो. गिटारचे वरचे टोक शाबूत राहते आणि ७३ किलोहर्ट्झ तेहेतीस डेसिबलने खाली जातो. पिन ७ वरून १ मायक्रो, १ के, मग ३.३ नॅनो जमिनीला आणि आवाजाचा पॉट. झाले.

सिग्नल पिन १२लाच का, १३ला का नाही? ट्रान्झिस्टर चालू असताना टीएल ४९४ची पिन ८ खाली जाते आणि ४०५३ पिन १२ची बाजू निवडते. त्या सक्तीच्या विश्रांतीत मग बायस मिळतो, सिग्नल नाही. वरच्या टोकाला डेसिबल-दीड डेसिबल जातो, तो पॉटने परत मिळतो. खालच्या टोकाला मात्र पूर्ण शांतता. उलटे जोडले तर आवाज कधीच पूर्ण मिटणार नाही.

शिट्टी, घरघर आणि पावसाळा

एकटे वाजवताना स्वच्छ आणि इतर पेडलबरोबर शिट्टी, असे झाले तर दोन पेडलमधली दोन घड्याळे, म्हणजे पल्सचे वेग, एकमेकांत मिसळत आहेत. ७३ आणि ७५ किलोहर्ट्झ भेटले की २ किलोहर्ट्झची शिट्टी कानावर येते. डिले किंवा कोणतेही डिजिटल पेडल त्याच ॲडॅप्टरवर असेल तर आधी वेगळा ॲडॅप्टर लावून बघा. तेवढ्याने गेले नाही तर १५ केच्या जागी १३ के घाला, वेग ८५ किलोहर्ट्झकडे सरकतो. रुंदीचे गणित वेगावर अवलंबून नसल्यामुळे बाकी काही बदलावे लागत नाही.

घरघर ठेक्याबरोबर येत असेल तर जमीन तपासा. टीएल ४९४ची जमिनीची वायर थेट पॉवर जॅकपर्यंत वेगळी न्या, इनपुट जॅकच्या जमिनीत गुंफू नका. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पायाशी १०० नॅनो अगदी चिकटून हवा. फेस्ताला किंवा जत्रेत उघड्या स्टेजवर जनरेटर आणि लायटिंग एकाच लाइनवर असते, तिथली घरघर पेडलची नाही. घरी शांत असलेले पेडल तिथे गुरगुरले म्हणून ते उघडू नका.

गोव्यात खरा शत्रू जून ते सप्टेंबर. झिरो पीसीबीवर राहिलेला फ्लक्स ओलावा आणि खारा वारा पितो, आणि १ मेगच्या बिंदूला हळूच गळती लागते. पेडल कुरकुरते, पंख्याखाली ठेवले की सुधारते, पुन्हा बिघडते. सोल्डर झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा, मग खालच्या बाजूला पारदर्शक लॅकरचा हात फिरवा. आयसी बेसचे पाय झाकू नका. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी जॅक निकेलचा घ्यावा, साध्या पितळी जॅकला हिरवा चट्टा लवकर धरतो.

याच चिपवर फेजर

फेजर म्हणजे आवाजात सरकती, फिरल्यासारखी लहर आणणारा इफेक्ट. ट्रेमोलोत ४०६६ची जी चूक होती, ती फेजरमध्ये कामाची ठरते. तिथे सरासरी नको, बदलता रेझिस्टर हवा. १० के आणि त्याला जोडून ४०६६चा स्विच बायसला. स्विच अर्धा वेळ लागला तर कपॅसिटरला तो २० केसारखा भासतो, दहावा भाग लागला तर १०० केसारखा. उघड्या वेळात कपॅसिटर व्होल्टेज धरून ठेवतो, आणि इथे तेच हवे असते. चार टप्प्यांना चार स्विच, सगळ्यांना एकच पल्स, त्यामुळे चारही टप्पे तंतोतंत जुळलेले. चार एलडीआर किंवा चार जेएफईटी इतके जुळवायला दिवस जातो.

टीएल ४९४ची पिन ८ ४०६६च्या १३, ५, ६ आणि १२ या पायांना एकत्र द्या. ४०६६ची पिन १४ सप्लायला, ७ जमिनीला. प्रत्येक टप्प्यात १० नॅनो आणि १० के धरले तर टप्पा साधारण १६० ते १६०० हर्ट्झमध्ये सरकतो. इथे ती सक्तीची विश्रांती फायद्याची: रुंदी कधीच शून्यावर जात नाही, त्यामुळे ऑपॲम्पचे तोंड अधांतरी लटकत नाही. ठेका मात्र फेजरला संथ लागतो. एलएम ३५८च्या पिन ६ आणि ७ मधला ०.४७ मायक्रो काढून २.२ मायक्रोचा फिल्म कपॅसिटर लावा, चार सेकंदांत एक फेरीपासून सेकंदाला जवळपास तीन फेऱ्यांपर्यंत मिळतात. इलेक्ट्रोलिटिक तिथे चालणार नाही, कारण त्या दोन पायांमधली दिशा दर फेरीला उलटते.